बाबांसाठी वेगळं खातं

३ मार्च, मंगळवार
सहावं प्रकरण गायब! भूगोलाच्या पुस्तकाची मांडणी, बारा दिवसांचं काम — फोल्डर उघडलं तर रिकामं. रिसायकल बिनही साफ. घरात माणसं दोन, कॉम्प्युटर एक. मी पुसलेलं नाही. म्हणजे बाबा. सकाळी बुद्धिबळ खेळता खेळता काहीबाही दाबतात.
विचारलं तर, "तुझ्या कामाला मी कशाला हात लावू?" आणि माझ्याकडे बघतच राहिले.

४ मार्च
संपादकबाईंचा फोन. "ताई, सोमवारी छपाईला द्यायचंय हं!" शेवटचा हात फिरवतेय, अशी थाप मारली.

५ मार्च
केलं एकदाचं. बाबांचं वेगळं खातं. त्यात बुद्धिबळ, बातम्या, त्यांची पत्रं — बस्स. माझ्या फायली त्यांना दिसणारच नाहीत. शिवाय कोण काय पुसतं त्याची नोंद ठेवायची सोयही चालू केली. आता रंगेहाथ सापडतील.
बाबा खुर्चीमागे उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "हा कॉम्प्युटर मीच आणला होता ना गं?"
"बाबा, तुम्ही हल्ली विसरता."
बोलून गेले आणि जीभ चावली. आई गेली तेव्हा तिला आमची नावंही आठवत नव्हती. 'विसरणं' हा शब्द या घरात कुणी काढत नाही.
जेवायला आलेच नाहीत.

७ मार्च
अबोला. कॉम्प्युटरकडे फिरकत नाहीत. लाकडी पट काढलाय, दोन्ही बाजूंनी एकटेच खेळतात. खेळू देत! प्रकरण निम्म्याहून जास्त पुन्हा झालं.

९ मार्च, सोमवार
परत गेलं. सगळं.
तडक नोंद उघडली. काल, रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खातं — माझं.
काल चारला मी काय करत होते? आठवत नाही. कितीही ताण दिला तरी नाही.
बाबांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी हातातला घोडा खाली ठेवला. "मी पाहिलं होतं तुला पुसताना. दोन्ही वेळा."
"मग बोलला का नाहीत?"
"माझ्यावर आलं तर येऊ दे म्हटलं."

१० मार्च
संपादकबाईंना खरं ते सांगितलं. डॉक्टरांची शुक्रवारची वेळ मिळाली. बाबा सोबत येणार.

११ मार्च
माझ्या खात्याचा पासवर्ड बदलला. नवा बाबांनी घातला. मला सांगू नका म्हटलं.