गेर्बरचं आडनाव आणि आपलं

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं मला आज सुचतंय. डब्लिनमध्ये रविवारची दुपार आहे, बायको मुलीला पोहायला घेऊन गेलीय, आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून उभ्यानेच लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ते तुम्ही होऊ दिलं नसतं.

माझ्या ऑफिसात एक जर्मन आहे, आडनाव गेर्बर. ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, चहूकडे क्रेन आणि अर्धवट काचेच्या इमारती. मंगळवारी जेवताना खिडकीतून साचल्या पाण्याचा वास आला तसा तो हसून म्हणाला, "माझ्या पूर्वजांना इथे अगदी घरच्यासारखं वाटलं असतं." मग त्याने सगळं सांगितलं. गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा. 'तयार करणं' अशा अर्थाच्या एका जुन्या क्रियापदातून तो शब्द आलाय. शहरं वाढली, एकेका गल्लीत चार-चार योहान झाले, तेव्हा ओळखायला सोपं म्हणून धंदा नावाला चिकटला, आणि पुढे मुलांनी धंदा सोडला तरी नाव सुटलं नाही. वासामुळे त्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला, वस्तीच्या टोकाला ठेवत. त्याच्या गावात ती गल्ली त्याच नावाने अजून आहे आणि तिथे घर मिळावं म्हणून लोक धडपडतात. याचे आजोबा पोस्टमन, वडील दातांचे डॉक्टर, आणि हा सांगत होता मात्र सरदार घराण्याचा इतिहास सांगावा तसा. मला त्याचा भयंकर राग आला. आपणही ओढ्याच्या खालच्या अंगालाच राहत होतो ना, आबा?

पुढे तो म्हणाला, कातडं तयार झालं की कडेच्या रंगावरून कळतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "कडेवरून नाही कळत. मानेपाशी जाड असतं, तिथे चिरून बघायचं. मध्ये पांढरी रेघ राहिली तर कच्चं." माझ्या शेजारी पुण्याचा एकजण बसतो, पहिल्याच दिवशी ज्याने मला कुलदैवत विचारलं होतं तो. तो वळून म्हणाला, "बॉस, तुला हे कसं काय माहीत? एकदम डिटेलमध्ये!"

मी म्हणालो, "वाचलं होतं कुठेतरी."

मी सात वर्षांचा आहे. परसात कमवायला घातलेल्या कातड्यांच्या शिवलेल्या पिशव्या बाभळीच्या सालीच्या पाण्याने फुगून टांगल्यात, आणि तुम्ही चीर देऊन माझं बोट आत लावताय. "मदी पांढरं हाय न्हवं? मग आजून धा दिस." त्याच वर्षी तुम्ही धंद्याचं आडनाव टाकून गावाचं लावलंत. शाळेत मास्तरांनी विचारलं, वडील काय करतात, आणि मी मोठ्या अभिमानाने खरं ते सांगितलं. संध्याकाळी तुम्ही माझा कान पिरगाळलात. "फुडं कातड्याचं नाव काडलंस तर जीभ हासडीन." मग माझ्याच पाटीवर तुम्ही सही शिकलात, तीही त्या नव्या आडनावाची. पाटी धरणारे हात सालीच्या पाण्याने तांबूस झालेले होते, ते शेवटपर्यंत तसेच राहिले.

तुम्ही असं का केलंत ते मला कळतं. गेर्बरचं गाव विसरलं, आपलं विसरणारं नव्हतं. तरीही राग येतो, कारण आडनावाबरोबर तुम्ही मला तुम्हालाही लपवायला शिकवलंत, आणि तो धडा मी इमानेइतबारे गिरवला. तुमचं कसब मी चारचौघांत सांगितलं आणि तुम्हाला गाळलं. आता गेर्बर त्या पुस्तकाचं नाव मागतोय, त्याच्या वडिलांना वाढदिवसाला द्यायचंय म्हणे. शुक्रवारी पुन्हा विचारलं त्याने. मी म्हणालो, शोधतोय.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. म्हणून वाटलं, खाली सही तरी जुन्या आडनावाने करावी. पेन टेकवण्याआधी मी मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना. घरात मी एकटाच होतो. तरी नवंच लिहिलं.