दत्तोबा घराणं: उदय आणि अस्त

३ मे, शनिवार
आजपासून मी संग्राहक. चाकणच्या कंपनीत पंधरा वर्षं क्वालिटीत काढली. धातू माझ्यापासून काही लपवू शकत नाही. फारूकभाईंच्या भंगारात ब्राँझची बाई सापडली. हातात दिवा, अंगभर हिरवा गंज. अठ्ठावीस किलो. फारूकभाई म्हणाले, साहेब, जुनी नाही, बंद पडलेल्या हॉटेलातली आहे. मला आजमावत होते.

४ मे, रविवार
मूर्ती पेशवेकालीन. किमान. विजयश्री म्हणाली, बाई वैतागलेली दिसते. बायकोला कला कळत नाही. संकल्प: रोज तासभर अभ्यास. आज मॅच होती.

७ मे, बुधवार. दुपारी ४.३०
फर्स्ट शिफ्ट करून आलो, तर विजयश्रीने मूर्ती चिंचेने घासून लख्ख केलेली. तीनशे वर्षं मोरीत. निषेध म्हणून जेवलो नाही. मग थोडं जेवलो.

८ मे
शोध! घासल्यामुळे पायाखाली अक्षरं दिसली: 'दत्तोबा १९८९'. विजयश्री म्हणाली, म्हणजे एकोणनव्वद सालची. इतकं सोपं असतं तर इतिहासकार कशाला लागले असते? १९८९ हा जामदारखान्यातला नंबर. दत्तोबा हे शिल्पकार घराणं. सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसह लेख टाकला. अकरा अंगठे.

११ मे, रविवार
रावेतच्या आमच्या क्लबहाउसमध्ये माझं व्याख्यान. सतरा माणसं. घराण्याच्या अस्तापाशी आलो तेव्हा मागून एक आजोबा उठले. म्हणाले, अस्त अजून व्हायचाय, दत्तोबा मीच. लेख फॉरवर्ड होत होत निगडीला त्यांच्यापर्यंत गेला होता.
फाउंड्रीत होते. मूर्ती त्यांच्या बायकोची, अंबूबाईंची. सुट्टीच्या दिवशी ओतली, पुढे मुलाच्या आजारपणात हॉटेलवाल्याला विकली. अंबूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. घरात त्यांचा धड फोटो नाही.
मी पुरावा मागितला. त्यांनी न बघता डाव्या कानामागे बोट ठेवलं. ओतकामातलं भोक, पितळेने बुजवलेलं. मला आठ दिवसांत दिसलं नव्हतं. बोट तिथून गालावर आलं, आणि तिथेच राहिलं.
विजयश्रीने मला न विचारता मूर्ती त्यांना देऊन टाकली. मी देणारच होतो.

१३ मे, मंगळवार
रजा काढून रिक्षाने मूर्ती निगडीला नेली. तीन जिने, लिफ्ट नाही. दत्तोबांनी चहा पाजला. म्हणाले, उपकार झाले, तुम्हालाही काहीतरी ओतून देतो. मी सहज सुचवलं, माझा अर्धपुतळा चालेल. त्यांनी मला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, पडदा सारून उजेडात पुन्हा पाहिलं. मग अगदी मनापासून म्हणाले, साहेब, तुम्हाला घंटा देतो.
बरं म्हटलं.