मुंग्या गेल्या

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून बाबांचा दवाखाना माझ्याकडे. आत्याने जाहीर केलं. आधी आई बघायची सगळं. ती गेल्यापासून दोन वर्षं कुणीच बघितलं नाही. गोळ्या संपल्या की बाबा मेडिकलमध्ये रिकामी पट्टी दाखवतात आणि तीच आणतात. आत्या म्हणाली, घुमे, शाळा सोडून घरात बसलीस, निदान एवढं तरी कर. मी बरं म्हटलं. मनात नाही, मोठ्याने म्हटलं. सुरुवात चांगली आहे.

वही बाबांच्या शिलाईच्या दुकानातलीच, म्हणजे आमच्या घराच्या पुढच्या खोलीतली. पुढून गिऱ्हाइकांची मापं, छाती कंबर बाही. मागून मी.

डॉक्टरांना विचारायची यादी केली:
१. साखर कधी जाणार?
२. गोळी जेवणाआधी की नंतर? (बाबा मध्येच घेतात. म्हणजे दोन्हीकडून बरं.)
३. उजव्या पायाला मुंग्या येतात त्या कशाने?
४. मुंग्यांचं औषध वेगळं की त्याच गोळीत?
५. बाबा टेलर आहेत, मशीन उजव्या पायाने चालवतात, तो पाय महत्त्वाचा आहे, हे सांगणे. (हा प्रश्न नाही, पण राहून जायला नको.)

पाचच आहेत. दोन मिनिटांचं काम.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्यात गेलो. बाक, पंखा, भिंतीवर किडनीचं चित्र. नंबर देणारे काका दर वेळी ओरडतात, चपला बाहेर. आमचा नंबर तेवीस.

डॉक्टरांच्या खोलीला नुसता पडदा आहे, सगळं ऐकू येतं. एक बाई केळं चालेल का विचारत होत्या. डॉक्टर नाही म्हणाले. मग अर्धं? नाही. मग मिस्टरांचं उरलेलं? नंतर एक आजोबा शेजाऱ्याची बीपीची गोळी घेऊन आले होते. त्याला सूट झाली, मला होईल का? डॉक्टर म्हणाले, शेजाऱ्याचा चष्मा लावता का? आजोबा म्हणाले, हो, पेपर वाचायला. लोक काहीही विचारतात. त्यांना लाज कशी वाटत नाही, काय माहीत. पण ऐकून ऐकून मला बरीच माहिती झाली. आता मी जवळपास अर्धी डॉक्टर आहे.

आमचा नंबर आला. कसं काय, डॉक्टरांनी विचारलं. बाबा म्हणाले, मस्त. काही विचारायचंय? यादी माझ्या मुठीत होती, घामाने ओली झालेली. मी मान हलवली. मी हो म्हणून हलवली होती. ते नाही समजले. मानेचा हा प्रॉब्लेम आहे.

रक्त तपासायला सांगितलंय. पुढच्या वेळी नक्की.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आणला. इंग्लिशमध्ये असला तरी सोपा आहे. एका बाजूला आपले मार्क, दुसऱ्या बाजूला पासिंग. उपाशीपोटी २१२, पासिंग १००. जेवल्यावर ३१८, पासिंग १४०. तीन महिन्यांची १०.४, पासिंग ५.७. बाबा तिन्हीत पास, आणि तेही भरपूर वर. आकडे मुद्दाम जाड ठशात छापलेत. मी नापास व्हायचे तेव्हा खाली लाल रेघ असायची. इथे एकही रेघ नाही.

आत्याचं म्हणणं, साखरेत कमी आकडा चांगला असतो. मी म्हटलं, आत्या, मी नववीपर्यंत शिकले, तू चौथी.  वाद मिटला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रिपोर्ट वाचायची पद्धत उलटी आहे. तसं वरती कुठेतरी छापायला हवं.

डॉक्टर म्हणाले, अहो टेलर, एवढी साखर? बाबा हसले. नवीन गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ. महिन्याने या. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात काकांनी पडदा सरकवून पुढचा नंबर आत सोडला. माझी चूक नाही.

आत्याने घरी विचारलं, सगळं विचारलंस ना? मी म्हटलं, ते घाईत होते. ती म्हणाली, तुझी आई डॉक्टरला उठू द्यायची नाही खुर्चीतून. मी आत जाऊन काज करत बसले. सहा शर्टांचे काज झाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आरशासमोर प्रॅक्टिस. डॉक्टर, एक विचारायचं होतं. हे छान जमतं. पुढचं वाक्य उद्या.

बाबा म्हणाले, मुंग्या कमी झाल्यात. आधी संध्याकाळी मशीनवरून उठले की पाय आपटत बसायचे, आत्या म्हणायची, खालच्या माळ्यावरचे वर येतील भांडायला. आता आपटत नाहीत. यादीतला चौथा प्रश्न खोडला. औषध त्याच गोळीत आहे.

३ मार्च, सोमवार

मुंग्या पूर्ण गेल्या!

बाबा म्हणाले, पाय कसा कापसासारखा झालाय. कापूस मऊ असतो. गोळी जबरदस्त आहे. दोन वेळा न विसरता मीच देते. असं कुणी म्हणालं नाही, पण बाबांना मीच बरं केलं.

५ मार्च, बुधवार

बाबा बटणं आणायला गेले आणि एका चपलेवर परत आले. आत्या म्हणाली, अहो दादा, दुसरी कुठाय? बाबांनी खाली बघितलं. म्हणाले, अरेच्चा. मग कोपऱ्यावरचा किराणावाला चप्पल घेऊन मागोमाग आला. म्हणाला, मास्तर, मी चार हाका मारल्या.

बाबांचं डोकं कामात असतं, पायात नसतं. चूक चपलेची आहे, झिजून सैल झालीय. मी मागून इलॅस्टिक शिवून दिलं. दुहेरी टाका. आता निघणं शक्य नाही. एकेक प्रॉब्लेम असाच सोडवायचा.

८ मार्च, शनिवार

बँकवाल्या गिऱ्हाइकाने शर्ट परत आणला. शिलाई कफ ओलांडून बाहीवर गेलेली. त्यांनी बाबांना विचारलं, मास्तर, गाडीचा ब्रेक फेल का? बाबा म्हणाले, थांबवलं होतं मी, मशीन चालूच राहिलं. पट्टा सैल झाला असेल. मशीनवाल्याला बोलावलं. त्याने पायडल, पट्टा, चाक, सगळं बघितलं. म्हणाला, मशीनमध्ये दोष नाही. मशीनवाला नवीन आहे, शिकेल.

शर्ट मी उसवला.

१३ मार्च, गुरुवार

ग्रेट दिवस. नीट लिहून ठेवते.

नंबर एकोणीस. डॉक्टरांनी बीपी घेतलं आणि कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता, साखरेच्या प्रत्येक पेशंटला विचारतात तसं विचारलं, मुंग्या? एवढंच. बाबा बाही खाली करत होते. आणि मी बोलले. मी म्हटलं, गेल्या.

मोठ्याने. पडद्याबाहेर गेलं असणार.

डॉक्टरांनी वर बघितलं. म्हणाले, वा, छान. आणि लिहिलं. माझं उत्तर कागदावर लिहिलं. शाळेत कधी कुठल्या बाईंनी माझं उत्तर फळ्यावर लिहिलं नाही. कानात नुसतं गरम गरम झालं. बाकीचे प्रश्न विचारायचे राहिले, पण आता घाई कशाला. सुरुवात झाली.

रस्त्यात बाबा म्हणाले, बोललीस की गं. परत थोड्या वेळाने तेच म्हणाले. आईसारखीच बोललीस.

१९ मार्च, बुधवार

पायडलवर तेल सांडलेलं. मशीनला तेल मीच घालते, जास्त झालं असणार. पुसलं. यापुढे मोजून दोन थेंब.

२० मार्च, गुरुवार

परत तेल. थोडं तांबूस. गंज असेल. जुनं मशीन आहे.

२२ मार्च, शनिवार

दुकानात वास येतोय. आत्या म्हणते, उंदीर मेलाय कुठेतरी. उद्या सगळे तागे हलवून शोधायचं. कपाटामागे, कात्रणांच्या पोत्यात, मशीनखाली. पूर्ण प्लॅन केलाय.

बाबांना थोडा ताप आहे. हवा बदलतेय.

२३ मार्च, रविवार

उंदीर नव्हता.

मी मशीनखाली वाकून बघत होते. आत्या मागून म्हणाली, दादा, पाय उचला जरा. बाबांनी पाय उचलला. 

अंगठ्याच्या खाली टाचणी होती. पूर्ण आत, नुसतं डोकं बाहेर. निळं डोकं. निळ्या डोक्याच्या माझ्याकडेच असतात, तुरपाई धरायला मी लावते. भोवती सगळं काळं झालेलं.

बाबा पाय वाकडा करून बघत राहिले. म्हणाले, ही कधी लागली? दुखत तर नाही.

डबीतल्या टाचण्या मोजल्या. किती होत्या तेच माहीत नसल्याने उपयोग झाला नाही.

२४ मार्च, सोमवार

आमच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. बाहेर काका आज चपला काढा म्हणाले नाहीत.

हॉस्पिटलमध्ये बाई डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे एका दांडीला नायलॉनचा जाड दोरा लावलेला होता. त्या म्हणाल्या, काका, डोळे मिटा, दोरा लागला की हो म्हणा. बाबांनी डोळे मिटले. आणि म्हणाले, हो. बाईंनी अजून दोरा उचललाच नव्हता. मग थोड्या वेळाने परत हो. परत हो. बाबा मधे मधे अंदाजाने हो म्हणत होते, मी लहान असताना गोष्ट ऐकताना हुंकार द्यायचे तसं. बाईंनी चार ठिकाणी दोरा टेकवला, तेव्हा बाबा गप्प होते.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी किडनीचं चित्र शोधलं. इथे नव्हतं.

पाय बधिर कधीपासून आहे, बाईंनी विचारलं. बाबा म्हणाले, बधिर कुठे हो? आधी मुंग्या यायच्या, त्यासुद्धा गेल्या. माझ्या मुलीने सांगितलं ना डॉक्टरांना.

बाईंनी समजावून सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, मुंग्या येत होत्या तोवर नस काहीतरी सांगत होती. मुंग्या गेल्या म्हणजे पाय बरा झाला असं नाही, नस गप्प झाली. गप्प झालं की कुणाला काही कळत नाही, काटा टोचो की खिळा.

गप्प म्हटल्यावर आत्याने माझ्याकडे बघितलं.

काही विचारायचंय का, त्या म्हणाल्या. मी मान हलवली. या वेळी कशी हलवली ते मलाच माहीत नाही.

२७ मार्च, गुरुवार

अंगठा काढला. शेजारचं बोट ठेवलंय, बघू म्हणाले.

बाबा शुद्धीवर आल्यावर म्हणाले, काहीच दुखलं नाही. नर्सला पण सांगितलं. नर्स म्हणाली, गुणाचे पेशंट आहात.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. बाकावर बसून बिस्किटाचा पुडा संपवला. कुठलं बिस्कीट होतं, आठवत नाही.

२ एप्रिल, बुधवार

घरी आलो. बाबांनी मशीनसमोर स्टूल ओढून डाव्या पायाने पायडल मारून बघितलं. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. परत ओवला. परत तुटला. आत्या म्हणाली, दादा, उतरा, कुणी पदक देणार नाहीये. बाबा म्हणाले, सवय होईल. शर्ट सगळे परत करायचेत. मापाच्या पानांवर मी रेघा मारल्या. मारत मारत पुढून मागे आले तर माझी यादी लागली.

१. साखर कधी जाणार? जात नाही. फक्त ताब्यात ठेवायची. (नर्सने शेजारच्या पेशंटला सांगितलं.)
२. गोळी जेवणाआधी. मेडिकलवाल्याने पाकिटावर लिहून दिलं, अर्धा तास आधी.
३. मुंग्या नसेमुळे येतात. बाई डॉक्टर.
४. खोडलेला.
५. बाबा टेलर आहेत, उजवा पाय महत्त्वाचा. आत्याने ऑपरेशनच्या दारात सांगितलं. रडत, पण सांगितलं.

म्हणजे सगळी उत्तरं मिळाली. एकही न विचारता. यादी पूर्ण झाली असं म्हणायला हरकत नाही. खाली रेघ मारली. लाल पेन हाताला लागलं, त्याचीच मारली.

६ एप्रिल, रविवार

उद्या ड्रेसिंग. मी एकटी बाबांना घेऊन जाणार, आत्याचे गुडघे धरलेत. आत्या म्हणाली, या वेळी तरी तोंड उघडशील ना गं? मी म्हटलं, हो. आता तर मला सवय झालीय.

संध्याकाळी बाबा पाटावर पाय ठेवून बसले होते. एकदम म्हणाले, अगं, मुंग्या येतायत. मी म्हटलं, कुठे? ते म्हणाले, अंगठ्याला.

दोघांनी बँडेजकडे बघितलं. तिथे अंगठा नाही. बाबा म्हणाले, येतायत पण. हळूहळू पाय आपटायला लागले, मग डॉक्टरांनी नाही सांगितलंय ते आठवून थांबले.

वही काढली. नवीन पान घेतलं.

१. मुंग्या परत आल्या. हे चांगलं की वाईट, विचारणे.

आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. डॉक्टर, एक विचारायचं होतं.