शेवटचे तीन हप्ते

चिरंजीव,

तुझे पणजोबा गवंडी, आजोबा सुतार आणि वडील छापखान्यात खिळे जुळवणारे. तिघांनीही रोख मोजल्याशिवाय घरात साधी खुर्चीसुद्धा आणली नाही. तू मात्र दुकान बुडाल्यावर वर्षभर क्रेडिट कार्डावर घर चालवलेस आणि मला कळूही दिले नाहीस. त्याबद्दल बोलायचे ते माझे बोलून झाले आहे.

आज लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. काल बँकेचा माणूस फोनवर नवे कार्ड देऊ करत होता, आणि पन्नाशीचा बाप्या तू, "आईला विचारून सांगतो," म्हणालास. सूनबाई हसू दाबत आत गेली. माझी मान मात्र ताठ झाली.

त्या कार्डाच्या कर्जाचे अजून तीन हप्ते राहिलेत, असे तू समजतोस. गेली दोन वर्षे रस्सा पातळ झाला म्हणून कुरकुरत होतास ना? तू पगारातून घरखर्चाला देतोस, त्यातून वाचलेले सगळे साखरेच्या डब्यामागे साठत होते. पैसे तुझ्याच घामाचे, मी फक्त राखले. ते घेऊन मी आणि सूनबाई बँकेत गेलो आहोत.

जेवण झाकून ठेवले आहे. कार्ड शोधू नकोस, त्याचे कात्रीने चार तुकडे केले आहेत.

कर्ज झाल्यापासून तू वडिलांच्या खुर्चीत बसायचे सोडलेस, ते मी पाहत होते. आज तिच्यातच बसून जेव. तू हे वाचशील तोवर पै न् पै फिटलेली असेल.

— आई