डाव्या कोपऱ्यातला जांभळा डाग

९ डिसेंबर

सोलापुरातल्या तमाम थोरल्या बहिणींनो! ज्यांना आपण कडेवर घेऊन हिंडलो, ज्यांच्या वाटची बोलणी आपण खाल्ली, ते आपले धाकटे भाऊ आज पुण्याला, सुरतेला, वापीला जाऊन बसले आहेत आणि सणाला मोबाइलवर फुलांचं एक चित्र पाठवून मोकळे होत आहेत! हे आपण कुठवर सोसायचं?

— टाळ्या नाहीत. वहीला हात नसतात. जन्म व्यासपीठावर गेला की असं होतं. मनातली गोष्टसुद्धा आधी सभेला हाक मारते.

झालं ते असं. वाचनालयाचे आबासाहेब सकाळी आले. "ताई, गड्ड्याच्या जत्रेत यंदा पोरांसाठी कायतरी जुनं मांडायचं म्हणतोय. तुमच्या भावाचा तो व्हिडिओ गेम हाय का अजून?"

आहे की! मागच्या पडवीत, चादरीखाली, कपाटाएवढा उभा. पंचाक्षरीनं, माझ्या धाकट्या तम्मानं, कॉलेज सोडून तो आणला होता. अप्पांनी त्यावरून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. चादर काढली, पुसला, प्लग लावला. आधी नुसता गुणगुणला. मग पडदा उजळला आणि विमानं आली! तीच विमानं, तोच टकटक गोळ्यांचा आवाज. मी एकटीच पडवीत ओरडले, "आला रे!"

पण मॉनिटर बिघडला आहे. डाव्या कोपऱ्यात ताटलीएवढा जांभळा डाग, कडेनं हिरवट. विमान तिकडं गेलं की तेही जांभळं होतं.

फोटो काढला, पंचाक्षरीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार? आई, आमची अव्वा, गेल्यापासून बोलणं कमी होत होत थांबलंच. भांडण नाही. भांडण असतं तर मिटवलं असतं, ते मला येतं. नुसत्या गप्प बसण्याशी कसं भांडायचं?

संध्याकाळी फोन वाजला. त्याचा!

"येनु अक्का, कशी हायस?" आणि मी काही बोलायच्या आत, "लई अवघड फॉल्ट हाय हा."

"म्हणजे?"

"म्हणजे एका दिवसाचं काम न्हाय. रोज फोन करत जा, मी सांगतो तसं कर. आणि मागं हात घालू नको. बंद केलं तरी पिक्चर ट्यूबमध्ये करंट राहतो. भाषण करायला उरणार न्हाईस."

१० डिसेंबर

आज पुढच्या झडपेतली बटणं. ब्राइटनेस कमी कर, वाढव, कलर कमी कर. तासभर. डाग जागचा हलला नाही.

मी मशिनीशेजारी स्टूल टाकून बसते. चहाचा कप आणि मोबाइल ठेवते माझ्या सभेच्या स्पीकरवर. चाकांचं काळं खोकं, टेबलाच्या उंचीचं, चांगलं सोयीचं आहे. मागे त्याच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. बायको आणि अंकिता पुण्यात, पोरीच्या कॉलेजसाठी. हा वापीत कंपनीची मशीनं सांभाळतो आणि एका खोलीत राहतो.

"काय शिजवलंस?"

"खिचडी."

"काल?"

"अक्का, डागाचं बोल."

१२ डिसेंबर

संताप! संताप! म्हणे, "मशीनचं तोंड पूर्वेला कर."

मी! जिनं या शहरात चौकाचौकात उभं राहून सांगितलं की दिशा कुणाचं भलंबुरं करत नाहीत! जिच्या सभेवर वास्तुवाल्यांनी चिखल फेकला! मी तासाभरापूर्वी फोन आपटला. आपटण्याआधी म्हटलं, "तम्मा, तू वापीला जाऊन हे शिकलास?"

तो हसत होता. "अगं पृथ्वीचं चुंबकत्व, अक्का! पिक्चर ट्यूबला त्याचा फरक पडतो. इतकी पुस्तकं वाचतेस, ती कसली?"

शोधलं. पुस्तक काढून वाचलं. खरं निघालं. मेल्याचं खरं निघालं!

१३ डिसेंबर

मशीन एकटीला हलेना. शेजारच्या गिरिजाबाईंना हाक मारली. दोघींनी ढकलून पूर्वेला वळवलं. त्या पदरानं वारा घेत म्हणाल्या, "शेवटी आलात की वो वाटेवर, ताई! आमच्या ह्यांनी कवाच सांगितलेलं, तुमच्या घराला पूर्वेचाच दोष हाय."

मी पृथ्वीचं चुंबकत्व सांगितलं. त्या मान डोलावत राहिल्या. "व्हय व्हय. चुंबकत्वच म्हणायचं. लोकाला कशाला सांगायचं दुसरं?"

प्लग काढलेलाच होता. मी स्पीकर पुन्हा शेजारी ओढला, चहा ठेवला, मशीन लावलं. डाग तिथंच. फोन लावला. "न्हाय गेला? बरं," तो म्हणाला. "मग उद्या उत्तरेला कर."

१४ डिसेंबर

उत्तर. नाही.

१६ डिसेंबर

आज मशिनीचं काही बोलणंच झालं नाही. जत्रेच्या नंदीध्वजांचा सराव सुरू झाला का, विचारलं त्यानं. झाला म्हटलं. मग म्हणाला, "गड्ड्यात आपली जागा कुटं होती, आठवतंय?"

आठवतंय का! मौत का कुआँच्या शेजारी. हातगाडीवर मशीन बांधून न्यायचो, मी मागून धरायची. तो आत, मी बाहेर स्टुलावर उभी. "या, या! बसल्या जागी विमान उडवा! शत्रूला पाणी पाजा!" माझं पहिलं भाषण ते. नंतर हजारांच्या सभा घेतल्या, पण स्टुलावरून जी गर्दी वळवली तिची सर कशाला नाही.

कुएँवाल्यांचा स्पीकर आमच्या कनातीला टेकवलेला असायचा. पंचाक्षरी रोज जाऊन भांडायचा. "ए, उचल तो! लांब ठेव!" एकदा ओठ फोडून घेऊन आला. पण स्पीकर हलवला त्यांनी. माझा आवाज त्याच्यात बुडतो म्हणून भांडत होता पोरगा. मी पदर ओला करून रक्त पुसलं. माझ्या बोलण्यावर लोकांनी चिखल फेकला, फुलं फेकली. माझ्या बोलण्यापायी ओठ फोडून घेतलेला माणूस एकच.

हे त्याला फोनवर बोलले नाही. इथं लिहिलं.

१९ डिसेंबर

नवं फर्मान. "माझ्या लोखंडी पेटीत तारेचं कडं हाय बघ, काळी टेप गुंडाळलेलं. प्लगला लाव आणि पडद्यासमोर गोल गोल फिरव. मग फिरवत फिरवतच मागं ये, लांब आल्यावर बंद कर. पडद्यात चुंबक भरलंय, ते निघंल."

"भरलं कुठून?"

"भरतं की. वय झालं की भरतं."

पेटी उघडली. टेस्टर, सोल्डरचा वास, आणि माझी जुनी केसांची पिन, तिनं तो बटणं साफ करायचा. कडं सापडलं. सायकलच्या रिंगेएवढं. लावलं, घूंऽऽ करायला लागलं. पडदाभर रंग असे ढवळले गेले! मी दोन्ही हातांनी कडं धरून ओवाळते आहे, ओवाळत मागे सरकते आहे — आणि दारात गिरिजाबाई, हातात गोड कडबूची वाटी.

बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात, "घंटी आणू का वो, ताई?"

फोन चालू होता. तिकडे हा इतका हसला की त्याला ठसका लागला. पाणी पी म्हटलं. किती वर्षांनी त्याला पाणी पी म्हटलं!

डाग आहेच.

२१ डिसेंबर

शेंगाचटणी कुरिअरनं पाठवली. ज्वारीच्या कडक भाकरीही. "भाकरीचे तुकडे झालेत की," म्हणाला. मग फोनवरच कुडुकुडु खात बसला. मी ऐकत बसले.

२६ डिसेंबर

मंगळवेढ्याला व्याख्यान. विषय: सत्याची किंमत. स्पीकर सकाळीच टेम्पोनं पुढे गेला, मी एसटीनं. दीड तास बोलले. सत्य सांगायला छाती लागते, सोयीचं खोटं हे सगळ्यांत मोठं खोटं, वगैरे. सभा तापली होती. शेवटी मागून एक जण उठला. "ताई, तुमी घरात टीव्हीची आरती करता म्हणं?"

बातमी मंगळवेढ्यापर्यंत! मी चिडले नाही. चुंबक सांगितलं, कडं सांगितलं, गिरिजाबाईंची घंटी सांगितली. लोक खो-खो हसले. मग तम्माचंच सांगत बसले. किती वेळ, कळलं नाही.

स्पीकर तिथल्या मंडळींनी त्यांच्या कार्यक्रमासाठी ठेवून घेतला. परवा आणून देतील.

२७ डिसेंबर

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहिते.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मशीन लावलं. डाग नाही! कोपरा काळाभोर, स्वच्छ, त्यात चांदण्या. विमान डावीकडे नेलं, पांढरंच राहिलं. कप ठेवायला हात पुढे केला, तर तो हवेत. स्पीकर नाही. आणि तिथंच उमगलं. एवढं मोठं लोहचुंबक असतं त्याच्या पोटात! इतके दिवस मी ते मॉनिटरच्या गालाला लावून बसले होते!

मग दुसरं उमगलं. गड्ड्यात तो स्पीकर हलवायला भांडायचा, तो माझ्या आवाजासाठी नव्हे. पडद्यावर डाग पडायचा म्हणून! ओठ पडद्यासाठी फुटला होता. इतकी वर्षं मी उगीचच मिरवत होते मनात. हसले. नंतर हसू येईना.

तेवढ्यात फोन. पहिला प्रश्न रोजचाच, "डाग हाय का, अक्का?"

स्पीकर माझा चहाचा टेबल झाला आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक! एक वाक्य सांगायचं होतं. तो म्हणाला असता, "हात्तिच्या!" मशीन वाचनालयात गेलं असतं. आणि उद्या संध्याकाळी फोन कशाला वाजला असता?

"आहे," म्हटलं. "आहे तसाच."

"बरं," तो म्हणाला. "असू दे. उद्या बघू."

२८ डिसेंबर

टेम्पो आला. माणसानं विचारलं, "ताई, कुटं ठिवू?"

मी बोट दाखवलं. मशिनीला अगदी चिकटून. डाग हजर.

सत्याची किंमत म्हणे!

१ जानेवारी

आज विचारलं. "गड्ड्याला येतोस का?"

"सुट्टी कुटं मिळती, अक्का. आणि येऊन करू काय? हातगाडी थोडीच ढकलायचीय आता." मग घाईघाईनं, "डागाचं सांग. आज किती हाय?"

"वाढलाय," म्हटलं.

पुढे गुडघा दुखतो म्हणाला. संध्याकाळी खोलीवर आलं की भिंतीपलीकडचा टीव्ही ऐकत बसतो म्हणाला. हे त्यानं पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, विसरला तो आम्हाला. आम्हाला म्हणजे कुणाला? घरात मी एकटीच तर आहे.

लोकांना हाका मारून रस्त्यावर आणलं मी. याला नुसतं "ये" म्हणवत नाही. नाही म्हणाला तर? सभेत नाही म्हणणारे पाठीमागे असतात, दिसत नाहीत.

४ जानेवारी

आबासाहेब येऊन गेले. "ताई, मशीन कवा न्यायचं? दिवस जवळ आले. निदान फोटो तरी द्या, फलकावर लावू."

"दुरुस्ती चालू आहे," म्हटलं. "अवघड फॉल्ट आहे."

५ जानेवारी

आबासाहेबांसाठी मोबाइलवर फोटो शोधत होते. त्या पहिल्या दिवशी पंचाक्षरीला पाठवलेला निघाला. मोठा करून पाहिला. मशीन, डाग, आणि डागाला खेटून माझा स्पीकर. अर्धा नाही, पुरता! जाळीवर पांढऱ्या रंगात माझं नाव, "दाक्षायणी". वर चहाचा कप.

ज्यानं स्पीकर हलवायला ओठ फोडून घेतला, त्यानं हा पाहिला. पहिल्याच दिवशी. पाहून मला म्हणाला, लई अवघड फॉल्ट हाय, रोज फोन करत जा.

फोन लावते आता. आधी इथं म्हणून बघते, म्हणजे तिथं अडखळायची नाही: तम्मा, मला सगळं कळलंय. या स्पीकरला मी हात लावणार नाही. गाडीत बस, घरी ये, आणि तुझ्या हातानं तो हलव.