आजोबांची सहा वर्षं

सोमवार, ५ फेब्रुवारी

माफ कर, डायरी. गेल्या उन्हाळ्यापासून तुला हात लावला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या तारखा तपासायच्या आणि घरी येऊन पुन्हा स्वतःची तारीख लिहायची, जिवावर येतं.

आज लिहिते आहे, कारण एक माणूस कार्यालयात येऊन माझ्या टेबलासमोर बसला आणि उठेचना. टीव्हीवरच्या त्या लांबलेल्या मालिकेतले ‘आजोबा’. आईला फोन करून सांगितलं असतं तर तिने मला सही आणायला लावली असती!

म्हणाले, “मॅडम, तुमच्या कलावंत कोशात माझा जन्म १९५८ चा आहे. मी १९६४ चा. पहिल्या आवृत्तीपासून सांगतोय.”

१९९१ मध्ये त्यांना नटांचं एक मोठं बक्षीस मिळालं होतं, तिशीच्या आतल्यांसाठी असलेलं. कुणीतरी आमचा कोश उघडून दाखवला. त्यात हे तेहतीस वर्षांचे. बक्षीस परत घेतलं. जन्मदाखला दाखवला, पण तो उशिरा काढलेला होता, त्यामुळे कुणी मानला नाही. तेव्हापासून त्यांना मागे ‘वयचोर’ म्हणतात. मागे कसलं, तोंडावरही म्हणतात.

नवी आवृत्ती महिनाअखेर छापायला जाते. ते म्हणाले, “या वेळी राहिलं तर मग मी गेल्यावर कंसातच छापाल. दोन्ही सालं एकदम.”

नियम सांगितला – एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे हवेत. बघते म्हटलं. खरं सांगायचं तर मनात आलं, सगळे नट हेच म्हणतात.

बुधवार, ७ फेब्रुवारी

१९५८ म्हणणारे: आमचा कोश, एक वर्तमानपत्र, एक वार्षिक अंक, एक संकेतस्थळ.
१९६४ म्हणणारे: उशिरा काढलेला दाखला आणि ते स्वतः.
वर शाळेच्या दाखल्यात तिसरंच – १९६३!

म्हणजे खोटं सांगायचं ठरवलं असतं तर निदान शाळेशी जुळवून तरी घेतलं असतं, असं नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, “नट लोक वय कमी करून सांगतात आणि तरुण दिसतात. तू खरं सांगतेस, बघ काय झालंय.” उशी फेकून मारली.

पण चारास दोन. वजन कोश म्हणतो तिकडेच आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

चित्रीकरणाच्या जागी गेले. मेकअपच्या खोलीत आजोबा आरशासमोर बसलेले, मान खाली. रंगवणारा माणूस ब्रशने त्यांच्या केसांना पांढरा रंग लावत होता, एकेक बट सुटी करून. मला वाटलं होतं केस त्यांचेच. नाहीत! बरेचसे काळे आहेत अजून.

रंगवणारा म्हणाला, “पस्तिशीपासून पांढरे करतोय यांचे. आता कुठे मला थोडी मदत व्हायला लागलीय.”

आजोबा हसले नाहीत. कोशातलं वय बघून लोक बापाचे रोल द्यायला लागले, मग सासऱ्याचे, मग आजोबाचे. ज्या वयात नायकाचं काम मागायचं त्या वयात नायकाचा बाप. वहीत ‘केस’ एवढंच लिहून घेतलं. याला पुरावा म्हणता येत नाही. पण माझ्या डोळ्यांसमोरून तो ब्रश जात नाही.

त्यांची बहीण दूरच्या गावी असते. घरी येऊन तिला फोन केला. ती १९६२ ची, स्वतःच्या जन्माची इस्पितळातली नोंद तिच्याजवळ आहे, प्रत पाठवते म्हणाली. म्हटलं, तुम्ही त्यांच्यापेक्षा मोठ्या याला आधार काय? बाई भडकल्याच.

“आधार? अहो, तो मला ताई म्हणतो! अठ्ठावन्नचा असता तर मी त्याला दादा म्हटलं नसतं? आमचा बारक्या आहे तो. याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर वाकडी झाली.”

आणि शाळेतलं १९६३? त्यावर ती खळखळून हसली. बारक्या घरात उच्छाद मांडायचा म्हणून वडिलांनी एक वर्ष वाढवून शाळेत डांबला.

ताई आणि दादा. इतक्या वर्षांत कुठल्याही नोंदीला मी हा प्रश्न विचारला नव्हता.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज सगळं काम बाजूला ठेवून १९५८ च्या चारही साक्षीदारांच्या तारखा लावल्या. वर्तमानपत्र, अंक, संकेतस्थळ – तिन्ही आमच्या कोशानंतरचे. तिघांनीही त्यांना ‘हरहुन्नरी’ म्हटलं आहे. आमच्या नोंदीत पहिलाच शब्द ‘हरहुन्नरी’! म्हणजे चार साक्षीदार नाहीतच. एकटे आम्हीच आहोत, चार ठिकाणांहून बोलतो आहोत.

मग आम्हाला ५८ कुणी सांगितलं?

प्रत्येक नोंदीचं एक जुनं कार्ड असतं, खाली आधार लिहिलेला. हे कार्ड सरांच्या अक्षरात आहे, कोशाचे पहिले संपादक, आता निवृत्त. आधाराची जागा कोरी.

सर कधीच जागा कोरी सोडत नाहीत. मी नवीन असताना एका मृत्युदिनाचा आधार लिहायचा राहिला, तर त्यांनी अख्खा गठ्ठा माझ्याकडून पुन्हा तपासून घेतला होता. रडत तपासला होता. त्याचंच पुढे मला कौतुक वाटत आलं.

उद्या जाते त्यांच्याकडे. विसरले असतील. माणूस आहे, विसरतो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

विसरले नव्हते.

खुर्ची गच्चीत उन्हात टाकून बसले होते. कार्ड पाहिलं आणि हसले. “सापडलं का अखेर? मला वाटलं होतं तुला दहा वर्षांपूर्वीच सापडेल.”

त्या काळी दुसरा एक प्रकाशक आमच्या नोंदी जशाच्या तशा उचलायचा. म्हणून सरांनी कोशाच्या तिन्ही भागांत एकेक खोटी गोष्ट पेरली. दुसऱ्याच्या पुस्तकात ती दिसली की चोर पकडला गेला. दुसऱ्या भागातली खोटी गोष्ट म्हणजे हे १९५८. पहिल्या भागात एक बासरीवाला आहे, तो जन्मालाच आलेला नाही. गेल्या वर्षी कुठल्याशा संस्थेने त्याची जन्मशताब्दी साजरी केली! सर हे सांगताना डोळे पुसत होते, हसून हसून. मी पण हसले. आता लिहिताना लाज वाटते आहे.

मग मी विचारलं, बक्षीस गेलं तेव्हा ते तुमच्याकडे आले असतील ना?

आले होते. कार्यालयात, आता माझं आहे त्याच टेबलासमोर. सरांनी त्यांना सांगितलं – आमच्याकडे पक्का आधार आहे.

“सर, तुम्ही त्यांना तोंडावर असं सांगितलंत?”

“अगं पोरी, एका नटाच्या सहा वर्षांसाठी अख्खा कोश पाण्यात घालू? आमचं एक खोटं कबूल केलं की बाकी सगळ्यावर शंका. आणि नट काय, तो जगलाच की. काम मिळतंय त्याला.”

तिसऱ्या भागातलं काय, असं विचारलं. ते म्हणाले, ते राहू दे, निरुपद्रवी आहे. चहा आला. मी तो प्यायले. नमस्कारही केला. वीस वर्षांची सवय, हात आपोआप जुळले.

बुधवार, १४ फेब्रुवारी

कामावर गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

आईकडे जाऊन बसले. तिच्या कपाटाच्या काचेवर आतून लावलेलं ते पान – बाबांची सात ओळींची नोंद, आमच्याच कोशातली. बाबा आयुष्यभर नाटकात निरोप्या, शिपाई, दुसरा पाहुणा. पण शेवटच्या ओळीत ‘साहाय्यक भूमिकेसाठी रौप्यपदक’. ते गेल्यावर वर्षभराने कोश आला. सर स्वतः तो घरी घेऊन आले होते. मी अकरा वर्षांची. त्या सात ओळी वाचून मी ठरवलं होतं की मोठेपणी हेच काम करायचं.

आईने विचारलं, सर बरे आहेत ना? असा माणूस होणे नाही, म्हणाली. मग नेहमीप्रमाणे पदकावर आली. घर बदलताना हरवलं ते, नाहीतर तुला दिलं असतं.

तिला काही सांगितलं नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

प्रकाशकांच्या खोलीत तासभर. त्यांचं म्हणणं – १९६४ करा, पण गुपचूप. मी म्हटलं, गुपचूप केलं तर आजोबांनीच आम्हाला पटवलं असं लोक म्हणतील. ‘वयचोर’ तसंच राहील. शुद्धिपत्र हवं, चूक आमची होती असं लिहून.

ते म्हणाले, मग बासरीवाल्याचं काय करणार? मी म्हटलं, तोही. तिन्ही. एक कबूल करून दोन लपवायच्या असतील तर पुस्तकावर तपासनीस म्हणून माझं नाव घालू नका.

मी एवढी ठाम कधी बोलते? बाहेर येऊन पायऱ्यांवर बसून राहिले. हे आजोबांसाठी चाललं आहे, की सरांवरचा राग काढते आहे? दोन्ही असेल. शुद्धिपत्रात दोन्ही कारणं लिहायची गरज नाही.

सोमवार, १९ फेब्रुवारी

प्रकाशक तयार झाले! तिन्ही चुका शुद्धिपत्रात छापायच्या, उद्या-परवा मजकूर द्या म्हणाले.

आजोबांना फोन केला. सगळं त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “चूक आमची – असंच छापणार? ‘आमची’ हा शब्द?”

हो म्हटलं.

“मग ताईला एक प्रत पाठवा. मी पाठवायला सांगितलं हे न कळवता.” आणि ताईचा पत्ता सांगितला, पिनकोडसकट.

तिसऱ्या गोष्टीसाठी सरांना निरोप ठेवला आहे. फोन उचलत नाहीत.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सरांनी उचलला. आधी टाळाटाळ. मग म्हणाले, “हट्टच करतेस तर ऐक. काहीतरी खोटं पेरायचंच होतं. म्हटलं, ज्या बिचाऱ्याला जन्मभर काही मिळालं नाही त्याच्या पदरात टाकू. तुझ्या बाबांचं पदक.”

शुद्धिपत्राचा मजकूर समोर आहे. दोन ओळी लिहून झाल्या आहेत.

उद्या: तिसरी ओळ देण्याआधी आईकडे जायचं.