साखर मशीनमध्येच आहे

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी
आजपासून रोजनिशी. कारण पुरावा हवा.
डॉक्टर म्हणतात, साखर गोळ्यांना दाद देत नाही. पंधरा दिवस घरी मोजा, आकडे उतरले नाहीत तर इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज. पोटात. हे सांगताना हसत होते. सुई दिसली की माझे पाय गार पडतात, अगदी लहानपणापासून. हे फक्त हिला माहीत आहे आणि आता या वहीला.
मोजायचं मशीन मेव्हण्याच्या मेडिकल स्टोअरमधून आलं. भेट म्हणे. मशीन फुकट, पट्ट्या मात्र त्याच्याकडूनच विकत. वजनमापे खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात माझा जन्म गेला. भेट देणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही.
संकल्प : साखर बंद, बिस्किटं बंद, रोज चालणे.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.५०
बोट टोचलं. म्हणजे हिने टोचलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.
२१४.
हसूच आलं. टेबल डुगडुगतं आहे. कोणताही काटा आधी सपाट जागी ठेवायचा असतो, हे खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पाणसळ काढली, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला, बुडबुडा मधोमध आणला. पुन्हा टोचलं. २०९. पाच उतरली. दिशा बरोबर आहे.
चालणे : बूट घासलेत. नवे घेतल्यावर.

६ मार्च, गुरुवार
काल लिहायला झालं नाही. हेडक्लार्कचं प्रमोशन, ऑफिसात केक. नको म्हटलं तर जळतो म्हणतील. म्हणून एक तुकडा. दुसरा शिपायाच्या आग्रहाखातर. तिसरा कोपऱ्याचा होता, त्याला तुकडा म्हणता येणार नाही.
आज सकाळी २३१. केक कालचा, आकडा आजचा. मशीनला कालचं कसं कळलं? मेव्हण्याला विचारलं तर म्हणाला, त्यात मेमरी असते. तरीच. जुनं उगाळत बसणारं मशीन आहे.

८ मार्च, शनिवार
हिच्यावर नजर ठेवायला हवी. रात्री दोनतीनदा उठते. बाथरूमला जाते म्हणते, पण येताना स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू येते. विचारलं तर म्हणे पाणी पीत होते. एवढं पाणी कोण पितं? माझ्या अंदाजाने बिस्किटं मोजते. संशय येऊ नये म्हणून उशाशी पाण्याची बाटलीही आणून ठेवली आहे.
बिस्किटं हलवली. आता वजनांच्या पेटीत, दोन किलोच्या मागे. (बंदच आहेत. पण पाहुण्यांना लागतात.)

९ मार्च, रविवार. सकाळी
३४८. 
मेव्हण्याला फोन केला. त्याने विचारलं, हात धुतले होते का. टोचण्याआधी जॅमच्या बाटलीचं झाकण नीट बसतंय का ते मी तपासलं होतं, एवढं खरं. दोन बोटांनी. साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं. २१९.
हा शोध लहान नाही. नुसत्या साबणाने एकशे एकोणतीस उतरली. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त साखर माणसाच्या अंगात नसतेच, हाताला असते. डॉक्टरांनी हे सांगितलं नाही. का सांगतील?
संकल्प : तासातासाला हात धुणे.

१२ मार्च, बुधवार
हाताची सालपटं निघाली. २२२. साबण भेसळीचा असावा.
ही कपड्यांना आतून टीप मारत बसली होती. सगळे सैल होतात म्हणे. बारीक झाली आहे खरी. मला खिजवायला डाएट करते आहे, पण जेवते तर माझ्याहून दोन घास जास्त. हिशेब जुळत नाही.
संध्याकाळी मेव्हणा आला. मला म्हणाला, भाऊजी, मशीनचा नाद सोडा, खाण्याकडे बघा. मग बहीणभाऊ स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने दाराशी गेलो. ही त्याला सांगत होती, यांच्या कानावर घालू नकोस, आधीच घाबरलेत.
काय घालू नकोस? आणि घाबरलंय कोण?

१५ मार्च, शनिवार
सोमवारी डॉक्टर. आकडे जिथल्या तिथे. आज दुपारी डोळा लागला तर स्वप्नात सुई. आता शेवटचा उपाय, आमच्या खात्याचा.
काट्याबद्दल वाद झाला की त्यावर प्रमाण वजन ठेवायचं. सरकारी शिक्क्याचा किलो ज्या काट्यावर सव्वा किलो भरतो, तो काटा खोटा. मग दुकानदार कितीही शपथा घेऊ दे.
साखरेचं प्रमाण वजन कुठून आणायचं? विचार करता करता समोरच दिसलं. ही. चहा बिनसाखरेचा, गोडाला हात लावत नाही, आजारी पडलेली मला आठवत नाही. हिच्यात मशीनने साखर दाखवली की खेळ खलास.

१६ मार्च, रविवार. सकाळी ७
ही तयार होईना. माझ्यावर पट्टी कशाला वाया घालवता म्हणाली. त्या टाळाटाळीवरूनच मी काय ते ओळखलं. भावाचं मशीन उघडं पडेल ना.
उपाशीपोटी. हात दोनदा धुवायला लावले. टेबल पाणसळीत. मीच टोचलं, डोळे मिटून.
३१२.
दुसरं बोट. ३०८.
सापडला चोर. मशीनला चिकटपट्टी लावली, त्यावर लाल पेनने ‘नापास’ लिहिलं आणि खाली सही ठोकली. किती दिवसांनी हलकं वाटलं. चहात दोन चमचे साखर घातली, उघडउघड, हिच्यासमोर. हिचं लक्षच नव्हतं. आकड्याकडे बघत बसली होती. मी समजावलं की खोटं आहे ते, तू कशाला तोंड पाडतेस.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळी
मशीन आणि ही, दोन्ही पुरावे घेऊन दवाखान्यात गेलो. मुद्दे पाठ होते. तिसऱ्या मुद्द्यावर डॉक्टरांनी मला हाताने थांबवलं आणि हिच्याकडे खुर्ची वळवली. तहान फार लागते का? हो म्हणाली. रात्री उठावं लागतं? हो. वजन उतरलं? हो. मी म्हटलं, ते डाएट आहे. कोणी माझ्याकडे बघितलं नाही.
खालच्या लॅबमध्ये दोघांचं रक्त घेतलं, त्याच वेळी मशीनवरही मोजलं. तासाभराने रिपोर्ट. मशीनचे आकडे आणि लॅबचे आकडे जुळले. माझेही. हिचेही.
कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. दीडेक महिना झाला म्हणाली. मग सांगितलं का नाही? तर म्हणे, यांचंच चाललं होतं, सुईची धास्ती घेतली होती यांनी, म्हटलं आधी यांचं मार्गी लागू दे. भावाला तेवढं बोलली होती. तो रोज डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागला होता.
पाळत मी ठेवून होतो. घरातली खुडबुड न् खुडबुड टिपत होतो. फार लाज वाटली. आणि भीतीही वाटली, स्वतःसाठी नाही.
निकाल असा : मला गोळी वाढवून आणखी एक महिना. इंजेक्शन हिला, उद्यापासून. स्वतःच्या हाताने जमायचं नाही, हात कापतो, असं हिने नर्सला सांगितलं. नर्सने इन्सुलिनचं पेन माझ्या हातात दिलं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी ७.१०
माझे २२७. हिचे २९६. दोन्ही आले तसे लिहिले.
मग इंजेक्शन. पाय गार. नर्सने शिकवलं होतं ते सगळं विसरलो, ते हिला पाठ होतं. हिने एकेक सांगितलं, मी एकेक केलं. डोळे मिटायला लागलो तर म्हणाली, उघडे ठेवा, पोट माझं आहे. उघडे ठेवले. टोचलं. नर्सने सांगितलं होतं तसं दहापर्यंत मोजलं. मोठ्याने, कारण मनातल्या मनात मोजता येईना.
दुखलं का विचारलं. अजिबात नाही म्हणाली.
खोटं बोलते.